भ्रमांतील बोलणें कोणाचें?

मनुष्याच्या तोंडून भ्रमांत जे शब्द निघतात, ते त्याचेच मानावे काय? हा प्रश्न आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नुकताच उपस्थित झाला. घरांतील सासूबाईंचें वय सत्तरीच्या पुढें, स्वभाव सौम्य. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू होत्या. एके दिवशीं त्यांनीं मुलास ओळखलें नाहीं व सून अन्नांत विष घालते, असा आळ घेतला. शेजारणी म्हणाल्या, "पोटांतलें ओठांवर आलें." रक्त तपासलें, तेव्हां सोडियमचें प्रमाण लिटरमागें ११६ मिलिमोल भरलें. तें १३५ ते १४५ असावें लागतें. उपचारांनीं आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. बोललेलें एक अक्षरही त्यांस आठवेना.

सोडियम उतरलें म्हणजे पाणी मेंदूच्या पेशींत शिरतें. पेशी फुगतात, पण कवटी पसरत नाहीं. मग गोंधळ, झटके, प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. उपाय आहे, परंतु तो दमानें करावा लागतो. जुनी उणीव घाईनें भरून काढल्यास मेंदूंतील मज्जातंतूंवरचें आवरण नष्ट होऊं शकतें. या हानीचें वर्णन अ‍ॅडम्स, व्हिक्टर व मॅन्कॉल यांनीं १९५९ सालीं केलें.

आतां शेजारणींचा न्याय पाहूं. विवेकाचा पडदा सरला कीं खरा मनुष्य दिसतो, असें त्यांत गृहीत आहे. पण विवेक हा पडदाच कशावरून? वाईट शंका कोणाच्याही मनांत डोकावते. ती तोलून टाकून देणें, यांतच मनुष्याचें शील असतें. तोलणारा हातच दुबळा झाला असतां शिलाची परीक्षा व्हावी कशी?

यावर कोणी म्हणेल, दुर्वचन क्षारांचें, तर सद्वचनही क्षारांचेंच. मग श्रेय तरी कोणास? परंतु क्षारांचा समतोल ही सद्वर्तनाची अट आहे, हमी नव्हे. रक्त अगदीं निर्दोष असूनही कठोर बोलणारे आपण नित्य पाहतों, आणि त्यांस जाब विचारणें योग्यच आहे. वृद्धाचा स्वभाव एकाएकीं पालटला, तर मात्र दोष देण्यापूर्वीं वैद्यास बोलवावें.

सासूबाईंचा विकार निवळला. सुनेच्या मनांत रुतलेला शब्द औषधानें निघणारा नव्हता. तो तिनें स्वतःच काढला, आणि त्या दिवसाचा उल्लेख सासूबाईंजवळ आजवर केला नाहीं. लोक याला तिचा मोठेपणा म्हणतात. आमच्या मतें हा न्यायच होय. कारण जें ज्याचें नव्हे, तें त्याच्या नांवावर मांडूं नये.