श्रवणाचे फळ

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे. आपल्या संप्रदायात तर श्रवणाची काही वाण नाही. सप्ताह बसतात, पारायणे होतात, काल्याचे कीर्तन ऐकून मंडळी प्रसाद घेऊन घरी जातात. आम्ही ज्या बिबवेवाडीत हे लिहीत आहोत तीही एके काळी शेतमळ्यांची वाडी होती. आज तेथे इमारती दाटल्या आहेत, तरी टाळमृदंगाचा आवाज थांबलेला नाही. आषाढवारीत माउली भवानी पेठेत आणि तुकोबाराय नाना पेठेत मुक्कामाला आले की येथून माणसे दर्शनाला लोटतात. हे सर्व चांगलेच आहे. प्रश्न एवढाच, की इतके ऐकून माणूस पालटतो का? आणि पालटत नसेल, तर त्याने ऐकले असे म्हणावे का?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस वारंवार आठवतात ते नारायण वामन टिळक. ते वारकरी नव्हते. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, 1861 साली चित्पावन ब्राह्मणाच्या घरी जन्मले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस ख्रिस्ती झाले. वारकऱ्यांच्या मासिकात हे नाव कशाला, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. ज्या माणसाने स्वतःच सांगून ठेवले की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, त्याच्याशी आपले काहीच देणेघेणे नाही असे कसे म्हणावे? पूल तर आपल्याच गावचा! तो ओलांडून ते पलीकडे का गेले याचे कोणाला दुःख वाटेल, कोणाला वाटणार नाही. आमच्यापुरते बोलायचे तर पंढरीची वाट आम्हांस पुरेशी आहे. पण त्या गृहस्थाने ग्रंथ कसा ऐकला, हे मात्र पाहण्याजोगे आहे.

1893 साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणे झाले, आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. टिळक वाचीत गेले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, ज्याला डोंगरावरील प्रवचन म्हणतात तेथे, अडकले. शत्रूवरही प्रेम करा, दान गुप्तपणे करा, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ पाहा, असे ते प्रवचन आहे. त्याच्या शेवटी दोन घरांचा दृष्टांत येतो. ऐकून तसे वागणाऱ्याचे घर खडकावर, ऐकून तसे न वागणाऱ्याचे वाळूवर. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. ऐकलेले दोघांचेही सारखेच, हे येथे विसरू नये. वाळूवर बांधणाराही श्रोताच होता, कदाचित पहिल्या ओळीत बसणारा.

टिळकांनी ऐकले आणि त्याची किंमत मोजली. जात गेली, आप्त तुटले, पत्नी दुरावली. आता येथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. धर्म बदलणे आणि माणूस बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली एका दिवसात होते, तिची तारीख लिहून ठेवता येते. दुसरीला तारीख नसते. टिळक दीक्षेनंतरही तापट होते, हाती पैसा टिकत नव्हता, संसाराचे भान बेताचेच होते. हे सर्व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’त काही न झाकता लिहिले आहे, आणि तरीही त्या माणसाविषयीचा आदर वाचणाऱ्याच्या मनात वाढतच जातो.

खरे पाहता पालट कसा होतो हे शिकावे ते लक्ष्मीबाईंकडून. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. चारपाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ आपल्या पंढरपुरात. सोवळेओवळे कडक. पुढे नगरकडे नवऱ्याजवळ आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. कोणी वादात हरवून त्यांना वळवले नाही. एकदा विचार करता करता त्यांच्या मनात आले, की देवाने माणसे केली, जाती काही त्याने केल्या नाहीत. झाले! कोणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले. दीक्षा त्यानंतरची, 1900 सालची. म्हणजे पाण्याचा विटाळ आधी गेला आणि नाव मागाहून बदलले. आम्हांस हा क्रम फार मोलाचा वाटतो. मग त्या घरात अनाथ पोरे आली, दुष्काळातली उपाशी माणसे आली, आणि एके काळी सोवळ्याच्या ओलेत्याने वावरणारी ती बाई त्या सगळ्यांची आई झाली.

आता आपल्यातला एक जुना प्रश्न. नामाने पाप जळते, हा तर संतांचा डिंडिम आहे. मग आचरणाचा एवढा आग्रह कशाला? हरिनाम घ्यावे, बाकी तो पाहून घेईल. असे म्हणणारे भोळे असतात तसे हिशेबीही असतात. गंमत अशी, की हाच प्रश्न ख्रिस्ती मंडळींपुढेही पहिल्या शतकापासून आहे. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले त्यात तो स्वतःच हा प्रश्न घालतो: कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय? आणि तो साफ नाही म्हणतो. जो जुन्या जिण्याला मेला तो त्यातच पुन्हा कसा जगेल, असा त्याचा रोख. आपल्याकडेही नामाचे दहा अपराध सांगितले आहेत, त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हा एक अपराध मोजला आहे. पाप जाळायला नाम आणि पाप करायलाही नामच, असा व्यवहार देवापाशी चालत नाही.

तर मग कृपा आधी की आचरण आधी? शास्त्री पंडितांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. आमची समजूत साधी आहे. शेतकरी पाऊस पाडू शकत नाही, पण नांगरट करून ठेवतो. न नांगरलेल्या रानावरचा पाऊस वाहून जातो. आणि नांगरणारा कधी असे म्हणत नाही, की पीक माझ्या नांगराने आणले.

पालट झाला हे ओळखावे कशावरून? टिळ्यावरून नाही, डोळ्यांतल्या पाण्यावरूनही नाही. पाणी काय, नाटक पाहतानाही येते. आमच्या मते ते चोपडीवरून ओळखावे. तुकोबारायांची कथा सर्वांना ठाऊक आहे. घरी सावकारी होती, लोकांकडे खते येणे होती. वैराग्य आले तेव्हा त्यांनी खतांची वाटणी केली, कान्होबाचा भाग त्याला दिला आणि आपला भाग इंद्रायणीत सोडला. पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या आणि त्या तरल्या, हे कीर्तनकार रंगवून सांगतात. पण खते बुडाली ती तरली नाहीत, आणि तुकोबांनी ती तरावीत अशी इच्छाही केली नाही, हे कोणी फारसे सांगत नाही! लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. ठेंगणा माणूस, येशूला पाहायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने स्तोत्र म्हटले नाही. निम्मे धन गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत, असे त्याने उभ्या उभ्या जाहीर केले. देहू कोठे आणि यरीहो कोठे! पण दोघांचाही पालट पहिल्याने हिशेबाच्या कागदावर उमटला.

बिबवेवाडीच्या शेजारी गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. पहाटे तेथे कांदाबटाटा, भाजी, फुले, गूळ यांच्या गाड्या उतरतात. गळ्यात तुळशीची माळ असलेले आडते तेथे आहेत, हमाल आहेत, माल घेऊन आलेले शेतकरीही माळकरीच आहेत. एकाच वाहनात माळेचे तीन धनी. कट्टीचा हिशेब होतो, वजन होते, हमाली ठरते. माळ घातलेल्या माणसाचा काटा वेगळा बोलतो, असे शेतकऱ्याने बिनदिक्कत म्हणावे, अशी ती माळ असली पाहिजे. काहींची तशी आहे, हे आम्ही पाहिले आहे. सर्वांची आहे असे म्हणवत नाही.

आणि व्यक्तीचे राहू द्या, संप्रदायाच्या श्रवणाचे काय? चोखोबांचे अभंग आपण शतकानुशतके गाइले. समाधी त्यांची महाद्वारापुढे, नामदेव पायरीपाशी. त्यांच्या जातीच्या माणसांना मात्र त्या महाद्वारातून आत जाता येत नव्हते. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते उघडले. त्याआधी त्याच वाळवंटात किती कीर्तने झाली असतील याची मोजदाद कोणी करावी! पुढे 1972 साली पुण्याचे बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडले, तेव्हाही गावात दलितांचे पाणी निराळे असल्याचे जागोजाग आढळले. त्यांतल्या बहुतेक गावांत हरिनामाचा गजर होतच होता. लक्ष्मीबाईंना जे एका विचारासरशी साधले ते आपल्या गावांना इतक्या सप्ताहांनी का साधले नाही, याचे उत्तर त्या गावांनीच द्यायचे आहे. आम्हांस दिसते ते एवढेच, की तेथे शब्द गोड लागला म्हणून ऐकला गेला. बोचला तेथे कान मिटले.

समजत नव्हते म्हणून वागलो नाही, ही सबब आपल्याला नाही. माउलींनी शके 1212 मध्ये नेवाशास गीता मराठीत आणली, ती याच कारणासाठी. पंडिता रमाबाई संस्कृत कोळून प्यालेल्या, तरी केडगावच्या मुक्तिसदनातल्या अर्धशिक्षित बायांना कळावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणले. त्यात त्यांची वर्षेच्या वर्षे गेली. 1922 साली त्या वारल्या, त्याआधी काम पुरे झाले होते. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना भाकर, विद्या, हातचा धंदा आणि ग्रंथ, चारही त्या एकाच घरात देत होत्या.

टिळकांचे शेवटचे दिवस मात्र पुष्कळांना ठाऊक नसतात. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. पंचावन्नाच्या पुढचे वय, पदरी संसार. ख्रिस्ताचे अनुयायी, मग ते बाप्तिस्मा घेतलेले असोत की नसोत, एकत्र यावेत म्हणून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि संन्याशाच्या वृत्तीने राहू लागले. अभंग आणि भजने तर ते आधीपासूनच लिहीत होते. तुकोबांच्या छंदात ख्रिस्ताचे नाव मराठी मुखी आले ते त्यांच्यामुळे. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभलेले मोठे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी एके काळी या धर्माच्या माणसाच्या हातचे पाणी घेतले नव्हते.