नाकारलेल्या चित्राचे कर्म

व्हिडिओ गेमच्या कॉन्सेप्ट आर्टिस्टने काढलेले चित्र खेळणाऱ्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. तो एखाद्या पात्राची, इमारतीची, शस्त्राची कितीतरी छोटी रेखाटने करतो; त्यांतली बहुतेक नाकारली जातात आणि उरलेल्यांवरून थ्रीडी मॉडेलर प्रत्यक्ष जग उभे करतात. 2004 साली आलेल्या ‘हाफ-लाइफ 2’ या गेममधले सिटी 17 हे शहर घडवण्यात व्हिक्टर अँतोनोव्ह यांचा वाटा मोठा होता. सोफियात जन्मलेल्या या चित्रकाराने पूर्व युरोपातल्या जुन्या इमारतींवर परक्या सत्तेचे पोलाद चढवले. लाखो लोक त्या शहरातून हिंडले, पण ज्या चित्रांतून ते उभे राहिले ती फार थोड्यांनी पाहिली असतील. त्यातच गोपनीयतेच्या करारामुळे गेम जाहीर होईपर्यंत काम दाखवता येत नाही आणि प्रकल्प मध्येच बंद पडला तर बहुधा कधीच नाही. फळ कर्त्याच्या हाती येणार नाही हे आधीच ठरलेले असेल, तर या कामाला गीतेच्या अर्थाने निष्काम कर्म म्हणायचे का?

तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. फळ हिरावले जाणे वेगळे आणि त्याची आसक्ती सोडणे वेगळे. पण या पेशात ती आसक्ती सोडण्याची संधी रोज येते, असे मला वाटते. रेखाटन बाजूला पडण्याचीच शक्यता जास्त आहे हे ठाऊक असूनही दार किती रुंद हवे, उजेड कुठून येईल, हे चिलखत घालून माणूस वाकेल कसा, याचा विचार तितक्याच निष्ठेने करावा लागतो. कारण नाकारलेल्या चित्रांमुळेच योग्य चित्र कोणते ते सर्वांना कळते. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ (2020) या गेममध्ये राजस्थानी वास्तू आणि पहाडी लघुचित्रे यांची छाया आहे. ती लघुचित्रेही बहुधा सहीविना, घराण्यांच्या कार्यशाळांत घडली. त्यांतल्या बहुतेक कारागिरांना नाव मिळाले नाही, पण म्हणून त्यांच्या रेषेत हयगय आली नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की ही शिकवण मालकाच्याच सोयीची आहे: फळाची आशा नको म्हणजे श्रेय नको, वाढीव तासांचे पैसे नकोत. पण गीता सांगितली गेली ती न्याय्य वाट्यासाठी उभ्या ठाकलेल्या माणसाला, आणि तो वाटा सोडून दे असे कृष्णाने म्हटलेले नाही. टिळकांनीही 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त संन्यासापेक्षा कर्मयोगच श्रेष्ठ मानला. म्हणून कार्ला ऑर्टिझ या कॉन्सेप्ट आर्टिस्टने जानेवारी 2023 मध्ये इतर चित्रकारांसह एआय चित्रे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला, यात मला आसक्ती दिसत नाही. आपल्या परवानगीविना आपली चित्रे यंत्राला शिकवायला वापरू नयेत ही मागणी न्यायाची आहे.

याहून अवघड आक्षेप यंत्राच्या बाजूने येतो. यंत्राला ना नाव हवे ना दाम. मग खरा निष्काम तोच नव्हे का? नव्हे. ज्याला इच्छाच नाही त्याने सोडले काय? त्याग इच्छा असणाऱ्यालाच करता येतो, आणि नाकारल्या जाणाऱ्या चित्रावर जीव लावणाऱ्या माणसाला ती असते. या पेशात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी रेखाटने तशीच जीव लावून करावीत; मात्र श्रेय कोणाचे आणि चित्रे यंत्राला शिकवायला वापरणार का, ही दोन कलमे वाचल्याशिवाय करारावर सही करू नये.