रित्या अंगणाचे छायाचित्र

छायाचित्राला आपल्या भाषेने जे नाव दिले आहे त्यात प्रकाशाचा उल्लेख नाही, छायेचा आहे. छायाचित्राच्या खऱ्याखोट्याचा निवाडा पुढे सावलीपाशीच येऊन ठेपणार आहे, हे ज्याने तो शब्द योजला त्याच्या मनातही नसेल. एका चित्रात दुसरे मिसळणे ही कला जुनी आहे. ऑस्कर रेइलँडर याने १८५७ साली तीसहून अधिक काचांवरील प्रतिमा जुळवून एकच चित्र सिद्ध केले होते. परंतु बाहेरून आणलेल्या वस्तूची सावली जमिनीवर यथार्थ पाडणे, हे भल्याभल्यांना कठीण जाई, आणि जाणकार डोळा तेथेच चोरी पकडी.

१९९८ साली अमेरिकेतील पॉल डेबेवेक यांनी ही उणीव भरून काढली. जेथे वस्तू बसवावयाची तेथे आरशासारखा चकचकीत गोळा ठेवावयाचा, त्यात उमटलेला दाही दिशांचा प्रकाश टिपावयाचा आणि त्याच प्रकाशात संगणकातील वस्तू उजळावयाची. पण जुन्या चित्रातील स्थळी गोळा घेऊन कोण जाणार? २०११ साली इलिनॉय विद्यापीठातील केविन कार्श व त्यांचे सहकारी यांनी त्यावरही तोड काढली. एकाच छायाचित्रावर जमीन, भिंती व दिवे यांच्या खुणा करून दिल्या की प्रकाशाचा अंदाज प्रणाली स्वतः बांधू लागली. अशी चित्रे लोकांपुढे ठेवली तेव्हा खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे त्यांना धड सांगता येईना. आज ब्लेंडर नावाची प्रणाली कोणालाही विनामूल्य मिळते. तीत एक अदृश्य भूमी पसरता येते. ती स्वतः दिसत नाही, केवळ सावली झेलते. वेदान्त्यांना ही युक्ती खचित आवडली असती.

आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडात ही विद्या माझ्या भाच्याने आणली. राजापूरजवळच्या आमच्या घराचे १९८६ सालचे एकच छायाचित्र आहे. आई अंगणात उभी आहे, आणि तिच्यामागे तुळशीवृंदावन असावयास हवे तेथे मोकळी जमीन आहे. त्या श्रावणातल्या पावसात वृंदावन ढासळले होते. ‘फोटो काढला तो नेमका तेव्हाच!’ ही आईची हळहळ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घर पुढे विकले गेले. भाच्याने आजीला विचारून विचारून वृंदावन घडविले: चौकोनी, दिव्याचा कोनाडा असलेले, तळाशी शेवाळ आलेले. आईच्या सावलीला समांतर अशी त्याची सावलीही अंगणात पडली. आईचे डोळे भरून आले. मीही त्या दिवशी भाच्याची पाठ थोपटली, हे लपवीत नाही.

वर्षभराने एका पाहुण्यांना ती सांगत होती, ‘वृंदावनापाशी दिवा लावून मागे वळले, तोच यांनी फोटो काढला.’

ते ऐकून मी चमकलो. मूळ चित्रात वृंदावन नव्हते, म्हणूनच त्यात दुसरे काहीतरी होते. ढासळलेले वृंदावन अण्णांनी तुळशीच्या लग्नाआधी स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधले. गवंडी मिळेना, म्हणून कचेरीतून रजा काढून जांभ्याचे चिरे त्यांनीच रचले. अण्णा आता नाहीत, ते वृंदावनही नाही. त्यांच्या त्या श्रमांची खूण एवढीच उरली होती, की एका छायाचित्रात ती जागा रिकामी होती.

आपल्या दर्शनकारांनी अभावाला पदार्थांत स्थान दिले, याचे मला महाविद्यालयात हसू येई. भाट्ट मीमांसकांनी तर अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट नाही, हेही एक ज्ञान आहे! आज त्या घटाच्या जागी आमचे वृंदावन उभे राहिले आहे आणि मला हसू येत नाही. आपण अशा चित्राला दोष देतो तो ‘नसलेले दाखविले’ म्हणून. वस्तुतः अधिक मोठी हानी ‘नसणे पुसले’ ही असते, आणि तिच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. कारण पुसलेल्या अभावाच्या बाजूने बोलणार कोण?

माझे अर्धे आयुष्य प्रती मुळाशी ताडून पाहण्यात चालले आहे. मुळापेक्षा सुबक असलेल्या प्रतीवर कोणता शेरा मारावा, हे मात्र कोणत्याही नियमावलीत मला आढळलेले नाही. आईचे समाधान खोटे होते असे म्हणवत नाही. भाच्याने तिला फसविले नाही. तिच्याच तोंडचे वृंदावन त्याने तिला परत दिले. तरीही अण्णांचे चिरे त्या समाधानाखाली गाडले गेले, हेही तितकेच खरे.

अखेर गेल्या रविवारी मी मूळ चित्र ट्रंकेतून काढले आणि काही न बोलता आईपुढे ठेवले. बराच वेळ ती पाहत राहिली. मग चित्राच्या कडेला, भिंतीलगत रचलेल्या ढिगावर तिने बोट ठेवले. तो ढीग भाच्याच्या चित्रातही होता. आम्हां कोणाचे लक्षच गेले नव्हते.

‘अरे, हे तुझ्या अण्णांनी आणून टाकलेले चिरे!’ ती म्हणाली. ‘बोटे सोलून निघाली होती त्यांची.’

मी विचारले, ‘मग भिंतीवर कोणता लावू?’

‘भिंतीवर नवाच राहू दे,’ आई म्हणाली, आणि जुने चित्र पदराने पुसून आपल्या उशाशी घेऊन गेली.