कोऱ्या इतिवृत्ताखाली सह्या

शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची वही मी काल रात्री वाचून काढली. जूनपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक बैठकीखाली त्याच शाईच्या, त्याच क्रमानं केलेल्या सह्या आहेत. प्रत्येक पानावर तेच वाक्य: 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' कशावर चर्चा झाली, कोण काय बोललं, एका अक्षरानं नोंद नाही. म्हणजे बैठक झालीच नाही. वही घरोघर फिरली आणि तुम्ही उंबऱ्यात उभ्या उभ्या सह्या करून दिल्यात. उद्या कुणी जमिनीच्या कोऱ्या कागदावर सही मागितली, तर द्याल? चार जाणत्यांना विचारल्याशिवाय पेन हातात धरणार नाही. मग लेकरांच्या शाळेच्या कागदावर इतका निष्काळजीपणा कशासाठी?

'आमच्या हातात काय आहे बाई?' हे वाक्य मला आज ऐकायचं नाही. हातात काय आहे ते सांगते, नीट ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ म्हणतं की या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात अध्यक्षही पालकांमधूनच निवडायचा असतो, मुख्याध्यापक फक्त सचिव. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष, ही समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. खाजगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समितीला फक्त सल्ला देता येतो. पण ही जिल्हा परिषदेची शाळा आहे. इथं तुमचा शब्द नुसता सल्ला नाही.

आणि तुम्ही समिती निवडली कशी? पालकसभेला मोजकी डोकी आली. दोन गटांनी पारावर आधीच नावं ठरवली होती, ती वाचून दाखवली, टाळ्या वाजल्या, चहा झाला. ज्यांची मुलं पोटासाठी आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि महिनोन्‌महिने शाळेबाहेर राहतात, त्यांच्यातला एकही माणूस समितीत नाही. ज्यांचा प्रश्न सगळ्यात मोठा, त्यांनाच तुम्ही बाहेर ठेवलंत.

वहिनी, तुम्ही मागे बसू नका, पुढे या. कागदावर तुम्ही सदस्य आहात आणि बैठक झालीच, तर तिथं बोलतात तुमचे यजमान. निम्म्या जागा बायकांना दिल्या, त्या नवऱ्यांनी भराव्यात म्हणून नाही. मुलींच्या शौचालयाला कडी नाही, हे तुमच्या मुलीनं घरी तुम्हालाच सांगितलं असणार. मग ते बैठकीत कुणी सांगायचं? आठवी-नववीतल्या मुली महिन्यातले चार दिवस घरी का बसतात, हे तुम्ही बोलला नाहीत तर या वहीत ते कधीच येणार नाही. बैठक सकाळी अकराला ठेवतात आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या बांधावर खुरपत असता, हे खरं. मुख्याध्यापकांनाही मी हेच सुनावलं आहे. पण वेळ बदलून संध्याकाळची द्या, असा अर्ज तुमच्यापैकी एकानं तरी दिला का?

आता पैशांचं. बहुतेकांना वाटतं, शाळेला पैसा येतच नाही. पण समग्र शिक्षा योजनेतून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळतं. १०१ ते २५० पट असेल तर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. समितीनं विचारायचं की किती आले, कधी आले, कशावर गेले, पावत्या कुठं आहेत. असं विचारणं म्हणजे कुणावर आळ घेणं नव्हे. प्रामाणिक मुख्याध्यापक स्वतःहून पावत्या समोर ठेवतो, आणि जो चिडतो, त्याला दुसऱ्यांदा विचारायचं.

दुपारच्या जेवणाचंही तेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, सहावी ते आठवीला १५०. आठवड्यातून एकदा तरी शाळेत येऊन ती खिचडी खाऊन बघा. डाळ आहे का, भाजी आहे का, पाणी कुठलं वापरतात. गावात लग्नाच्या पंगतीत मीठ कमी पडलं तर महिनाभर चर्चा करता, आणि स्वतःचं मूल रोज काय खातं याची खबर नाही.

ज्यांची मुलं या शाळेत नाहीत, त्यांनीही अंग चोरू नये, हे सगळं त्यांनाही लागू आहे. सकाळी मुलांना पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडायचं आणि पारावर बसून 'मराठी शाळेचा पट गेला' म्हणत सुस्कारे सोडायचे, हे मला सहन होत नाही. ग्रामसभा सगळ्या मतदारांची असते. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा तिथं ठरतो. शाळेचं पाणी, संरक्षक भिंत, शौचालयाची दुरुस्ती त्यात घालून घेता येते. पण त्यासाठी शाळेचा विकास आराखडा तयार हवा आणि कुणीतरी उभं राहून तो मांडायला हवा. तुमच्या आराखड्यात गेल्या वर्षीचीच यादी, तारीख तेवढी बदललेली.

आणखी एक. समिती म्हणजे शिक्षकांना दम देण्याचा परवाना नाही. वर्ग चालू असताना आत शिरून मुलांसमोर गुरुजींना जाब विचारणारे दोन सदस्य इथं बसले आहेत, त्यांना मी ओळखते. पुन्हा असं झालं तर दारातच अडवीन. शिक्षक वारंवार गैरहजर असतील तर तारखांसह नोंद करा आणि बैठकीत विचारा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला त्यांना जुंपता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. तेव्हा कधी कधी त्यांच्या बाजूनंही तुम्हालाच लिहावं लागेल. मुलांच्या हक्काबद्दल तक्रार असेल तर कलम ३२ आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्या, पोच घ्या. बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांना बंधनकारक आहे. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. व्हॉट्सॲपच्या गटावर रागाची चित्रं टाकून यातलं काहीच घडत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. तुम्ही मुलं पाठवता, त्याबद्दल तुम्हाला कुणी बोलणार नाही. पण मूल फाटकातून आत गेलं की आपलं काम संपलं, ही समजूत मी चालू देणार नाही.

बैठक महिन्यातून एकदा झालीच पाहिजे. पुढची येत्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, याच वर्गात. विषयपत्रिका उद्या फळ्यावर लागेल. आधी मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचलं जाईल, मग अनुदानाच्या पावत्या, मग मुलींच्या शौचालयाची कडी. वही या टेबलावरून हलणार नाही. जो येईल आणि ऐकेल, त्याचीच सही घेतली जाईल.