मंडळी गाते तेव्हा

२१ फेब्रुवारी १७०६. जर्मनीतल्या आर्नश्टाट गावच्या धर्ममंडळाने वीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला जाब विचारला. चार आठवड्यांची रजा घेऊन तो चौपट काळ बाहेर का राहिला? आणि गीतांच्या साथीत नाही नाही ते स्वर का मिसळतो? त्यामुळे चर्चमध्ये गाणारी मंडळी गोंधळते. हा वादक म्हणजे योहान सेबास्टियन बाख.

रजेत तो सुमारे ४०० किलोमीटर पायी चालत ल्यूबेकला गेला होता, तिथला ऑर्गनवादक बुक्स्टेहूडे याचे वादन ऐकायला.

शिकण्याची ही ओढ जुनी होती. दहाव्या वर्षी पोरक्या झालेल्या बाखला थोरल्या भावाने ओर्डरुफला नेले. भाऊ स्वतः ऑर्गनवादक, संगीतकार पाखेलबेलचा शिष्य. हात दोन पट्ट्यांवर, पायांखाली तिसरी, आणि समोर दुसऱ्यांच्या रचना स्वतः उतरवून घेतलेली वही: ऑर्गनवादक असा तयार होई. पंधराव्या वर्षी, १७०० मध्ये, बाखने ल्यूनेबर्गला ऑर्गनवादक गेओर्ग ब्योमकडे रायनकेन या संगीतकाराची एक दीर्घ रचना उतरवून घेतली. ती प्रत २००६ मध्ये वायमारच्या ग्रंथालयात सापडली. १७०३ मध्ये तो आर्नश्टाटचा नवा ऑर्गन तपासायला आला आणि काही आठवड्यांतच तिथे नेमला गेला.

पण इतकी विद्या देवाच्या दारी हवी कशाला? शब्दांपेक्षा सुरांनीच मन हेलावले तर ते पाप, असे संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात कबूल केले आहे. झ्युरिकमध्ये धर्मसुधारक त्स्विंगलीच्या काळात, १५२७ साली, मुख्य चर्चचा ऑर्गन मोडूनच काढला गेला. जर्मन धर्मसुधारक लूथरची वाट वेगळी. त्याने संगीताला ईश्वराचे दान मानले आणि गीत सगळ्या मंडळींच्या तोंडी दिले.

म्हणूनच आर्नश्टाटच्या वडीलधाऱ्यांना अरसिक म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे. लूथरच्या चर्चमध्ये मंडळींचे गाणे हीच उपासना. ते अडखळले तर वादकाची बुद्धिमत्ता कितीही थोर असो, त्या घटकेला तो चुकलाच. मात्र त्यावर उपाय कमी शिकणे हा नव्हे.

बाखनेही विद्या सोडली नाही. १७०८ मध्ये, आर्नश्टाटनंतरच्या म्यूलहाउझेनच्या नोकरीचा राजीनामा देताना, त्याने आपले ध्येय लिहून ठेवले: ईश्वराच्या गौरवासाठी सुव्यवस्थित चर्चसंगीत. पुढे वायमारला त्याने ‘ऑर्गेलब्यूख्लाइन’ हे गीतांवरच्या ऑर्गनरचनांचे छोटे पुस्तक रचायला घेतले, ईश्वराच्या सन्मानासाठी आणि नवशिक्या वादकाच्या शिक्षणासाठी. त्यात नाना स्वर आहेत, तरी बहुतेक रचनांत गीताची मूळ चाल वर स्वच्छ ऐकू येते. १६४ गीतांची योजना होती. पूर्ण झाल्या ४६ रचना.