पदकाच्या कडेवरचे नाव

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे असते. पुढच्या बाजूला पंचम जॉर्जचे मस्तक, मागे घोड्यावरचा नग्न पुरुष आणि १९१४ व १९१८ ही वर्षे. लाखो पदकांवर हेच चित्र आहे. वेगळी असते ती कड. भिंगाखाली पदक सावकाश फिरवले की इंग्रजी मोठ्या अक्षरांत ठसवलेला शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण वाचता येते. ही ओळ वाचता येत नसेल, तर जमवलेली पदके नुसती धातूच राहतात.

शीख पलटणींच्या पदकांत ही ओळ फार जपून वाचावी लागते. जवळजवळ प्रत्येक नावापुढे सिंग, आणि एकाच नावाचे अनेक जण. म्हणून नंबर महत्त्वाचा. तो पलटणीपुरता असल्याने पलटणही तितकीच महत्त्वाची. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीला २१ शीख सैनिक अखेरपर्यंत लढून पडले. त्या ३६व्या शीख पलटणीच्या पदकांना संग्राहकांत आजही मोठा मान आहे. पण साध्या शिपायाचेही गाव सापडू शकते. पहिल्या महायुद्धात पंजाबातून गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात होत्या आणि २०२१पासून त्या संगणकावर खुल्या होऊ लागल्या.

महाराष्ट्रात नाव आणि गाव जोडणारे हे दुवे तुटलेले आहेत. कोकणात आणि साताऱ्याकडे अनेक गावांत महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, एवढेच त्या सांगतात, नावे नाहीत. पदकावर नाव आहे, पण गाव नाही. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत, फक्त पलटणवार संख्या कोरली. अशा वेळी कडेवरची ओळ हा त्या माणसाचा मोठाच पुरावा ठरतो.

रायगड जिल्ह्यातल्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव, गाव, पराक्रम सारे नोंदलेले आहे. त्यांच्यासारख्यांबरोबर लढलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हे आले नाही.

याच जिल्ह्यातल्या तळोजा-कळंबोलीच्या औद्योगिक पट्ट्यात धातूचा व्यवहार वजनावर चालतो. चांदीच्या पदकांचेही तेच झाले : अडचणीत घरातली पदके सराफाकडे मोडीत गेली, आणि १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर कितीतरी पदके वितळली. दुसरे नुकसान संग्राहकांच्या हातून होते. एका माणसाची तीन-चार पदके वेगवेगळी विकली की त्याच्या नोकरीची हकिगतच मोडते. शंभर वर्षांपेक्षा जुनी पदके आता १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही देशाबाहेर नेता येत नाहीत. पण हा कायदा भट्टीपासून वाचवत नाही.

पदक कोणाच्या मालकीचे असावे, हा वाद चालत राहील. नोंद मात्र थांबू नये. घरातल्या पेटीत आजोबा-पणजोबांचे पदक असेल तर ते घासून चकचकीत करू नये. घासल्याने कडेवरची अक्षरे झिजतात. उजेडात धरून ती ओळ अक्षरशः उतरवून घ्यावी आणि तिच्यापुढे गावाचे नाव लिहून ठेवावे.