उरलेले अन्न कोणाचे?

लग्नाचा स्वयंपाक ही एके काळी विकत घेण्याची गोष्ट नव्हती. वसईच्या गावांत लग्न ठरले की शेजारणी विळ्या घेऊन कांदा चिरायला जमत, पुरुष मंडळी चुली मांडत, मोठे टोप मागून आणले जात. उरलेले अन्न राबलेल्या हातांबरोबरच घरोघर पोहोचे. आज हे काम आमच्यासारख्या केटरिंगचा व्यवसाय करणाऱ्यांकडे आले आहे. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. त्या जुन्या सोहळ्यात बायकांची कंबर मोडत असे, हेही विसरता कामा नये. मात्र शेजारधर्माची जागा कराराने घेतली, की पूर्वी आपोआप सुटणारे काही प्रश्न आता मुद्दाम सोडवावे लागतात.

आमचा करार पानांवर चालतो. यजमान म्हणतात, चारशे पाने धरा. माणसे कमी आली तरी पैसे चारशेंचे. अधिक आली तर वाढीव पानांचे वेगळे. यजमानांच्या त्या आकड्यात अंदाजाबरोबर भीतीही मिसळलेली असते, कारण ‘जेवण कमी पडले’ हे बोल पुढे वर्षानुवर्षे ऐकावे लागतात. भर समारंभात टोपाचा तळ दिसला तर आमचीही नाचक्की, म्हणून आम्हीही हात सैल सोडतो. अशा रीतीने भीतीचे दोन थर एकावर एक चढतात आणि रात्री अकरा वाजता साठ-सत्तर माणसांचा पुलाव व विंदालू तसाच उरतो.

हे अन्न कोणाचे? यजमान म्हणतील, पैसे आम्ही मोजले. आम्ही म्हणू, तुम्ही पाने घेतलीत, टोप नव्हे. दोन्ही युक्तिवाद हिशेबाच्या वहीत टिकतील. आणि हेच अन्न उद्याच्या ऑर्डरीत खपवण्याचा मोह या धंद्यात सदैव दाराशी उभा असतो. परंतु मालकीत वस्तू नासू देण्याचाही हक्क येतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. खुर्च्या आणि मंडपाचे कापड उद्या पुन्हा उपयोगी पडते. अन्नाला उद्या नसतो. त्या टोपात कुणाचे तरी शेत आणि एखाद्या प्राण्याचा जीव गेलेला असतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात पाच हजारांच्या भोजनानंतर तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या गेल्या. ज्याला अन्नाची वाण नव्हती, त्यानेच उरलेले गोळा करायला लावले!

‘मग गोरगरिबांना वाटून टाका’ हे उत्तर वाटते तितके सरळ नाही. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे लागते. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भातातील काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा कित्येक तास उघड्यावर राहिलेला पुलाव पहाटे एखाद्या वस्तीत नेऊन देणे हे दान नव्हे; ते आपली अडचण दुसऱ्याच्या पोटात ढकलणे होय. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अतिरिक्त अन्नाच्या संकलन-वाटपासाठी २०१९ साली स्वतंत्र नियम केले, ते उगीच नव्हे. जे पाहुण्याच्या पानात वाढायला आपण धजणार नाही, ते भुकेल्याच्या हातात ठेवू नये, एवढी कसोटी पुरेशी आहे.

म्हणजेच या प्रश्नाचे उत्तर रात्री अकराला सापडणारे नाही. ते ऑर्डर लिहिताना शोधावे लागते. निमंत्रणे किती आणि खरोखर येणार किती? उरले तर ते कोणत्या आश्रमाला जाणार, कोण नेणार, किती वाजता? भाताचा शेवटचा टोप पंगतीचा रंग पाहून मागाहून चढवता येईल काय? वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायका यांची पाने पाहुण्यांच्या पानांतच मोजली आहेत काय? ज्यांच्या श्रमांवर समारंभ उभा राहतो, त्यांचे जेवण इतरांच्या उरण्यावर सोपवणे हा तर आमच्या व्यवसायातला सर्वांत जुना अन्याय आहे.

यात आमचा तोटा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘चारशे नको, सव्वातीनशे धरा’ असा सल्ला देणे म्हणजे स्वतःच्या बिलाला कात्री लावणे. काही यजमान त्यामुळे दुखावतात आणि दुसरा केटरर गाठतात. तरीही हा सल्ला देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. आदरातिथ्य यजमानांचे असते, ते आम्हांला विकता येत नाही. आम्ही विकतो ते केवळ रांधण्याचे कसब; आणि किती रांधू नये हे ठाऊक असणे, हाही त्या कसबाचाच भाग आहे.